खोकला कापू नका : मैफलीची ध्वनिफीत हेही दफ्तरच आहे

कंधारच्या किल्ल्यातील एखाद्या शिलालेखावर उद्या कोणी ऑइल पेंट फासला, तर हा धागा वाचणारा प्रत्येक जण पेटून उठेल, आणि ते योग्यच होईल. परंतु नांदेडच्या वा लातूरच्या एखाद्या दिवाणखान्यात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी रंगलेल्या मैफलीची कॅसेट कोणीतरी संगणकात घेतो, तिच्यातील खोकले, दाद, तंबोऱ्यांची जुळवणी, यजमानांचे प्रास्ताविक आणि दोन रागांमधली कुजबुज कापून टाकतो, उरलेल्यातून दहा-अकरा मिनिटांचा 'स्वच्छ' तुकडा प्रसृत करतो आणि मूळ फीत भंगारात देतो. तेव्हा आपण काय करतो? त्याखाली हात जोडल्याची चिन्हे टाकतो. शिलालेखाची अक्षरे तासून दगड गुळगुळीत करणे आणि ही सफाई यांत मला काडीचाही फरक दिसत नाही. आजचा धागा या सफाईविरुद्ध आहे. थोडा लांबेल, सवडीने वाचा.

प्रथम एक भेद स्पष्ट करून घेऊ. स्टुडिओतील ध्वनिमुद्रण आणि प्रत्यक्ष मैफलीचे ध्वनिमुद्रण या दोन निरनिराळ्या जातींच्या वस्तू आहेत. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास आला आणि त्याने गौहर जान यांचा आवाज तबकडीवर घेतला. त्या काळी तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर चालणारा राग तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे पोथीतला फक्त फलश्रुतीचा श्लोक वाचून उठण्यासारखे. तरीही त्या पिढीच्या गवयांनी त्या तीन मिनिटांत अद्भुत कामे केली आहेत, हे मान्य. पण ती 'मैफल' नव्हे. तिथे श्रोता नाही, वेळेचे भान नाही, चुकण्याची मुभा नाही.

गौहर जान गाणे संपताच स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. ही घोषणा तबकडी तयार करणाऱ्या कारागिरांसाठी होती. कोणती मुद्रिका कोणाची, यात त्यांचा घोळ होऊ नये एवढाच तिचा हेतू. संगीताच्या दृष्टीने ती निव्वळ गोंगाट आहे. आजच्या सफाईवाल्याच्या हाती ती मुद्रिका पहिल्यांदा पडली असती, तर त्याने हीच घोषणा सर्वांत आधी छाटली असती. आणि आज त्या मुद्रिकेची ओळख पटवणारी, त्या काळच्या व्यवहारावर प्रकाश टाकणारी सर्वांत मोलाची खूण कोणती, तर तीच घोषणा.

आता थोडे दूर जाऊ. युरोपात पियानोवादनाच्या क्षेत्रात हा वाद फार आधी झाला आणि त्यातील दोन प्रकरणे आपल्या कामाची आहेत.

१६ सप्टेंबर १९५०. फ्रान्समधील बझांसों गाव. दिनू लिपात्ती हा ३३ वर्षांचा रुमानियन पियानोवादक व्यासपीठावर आला तेव्हा तो रक्ताशी संबंधित दुर्धर आजाराने खंगलेला होता. डॉक्टरांनी वाजवू नका म्हणून विनवले होते. त्याने ऐकले नाही. बाख, मोत्सार्ट, शुबर्ट झाले आणि शेवटी शोपँचे चौदा वॉल्ट्झ घ्यायचे ठरले होते. तेरा वाजले. चौदाव्यासाठी शक्तीच उरली नाही. डिसेंबरच्या २ तारखेला तो गेला. हे सारे वादन फ्रेंच रेडिओने टिपले, आणि ते आज उपलब्ध आहे.

याच लिपात्तीने त्याच वर्षीच्या जुलैत जिनीव्हा येथे हेच चौदा वॉल्ट्झ ध्वनिमुद्रित केले होते. ते चौदाच्या चौदा आहेत, निर्दोष आहेत, देखणे आहेत. एखाद्या संग्राहकाने विचारावे, की मग बझांसोंची अपुरी फीत ठेवायची कशाला? ठेवायची ती त्या तेरा या आकड्यासाठी. जुलैची मुद्रिका सांगते की लिपात्ती वॉल्ट्झ कसे वाजवीत असे. सप्टेंबरची फीत सांगते की त्या दिवशी, त्या सभागृहात, एका माणसाचे काय झाले. पहिली वस्तू कला आहे. दुसरी कला आहेच, शिवाय पुरावा आहे. त्या फितीत वादनाआधी तो हात मोकळा करण्यासाठी पट्ट्यांवरून सहज बोटे फिरवतो तेही उरले आहे. कोणीतरी ते कापले नाही, याबद्दल त्या अनाम तंत्रज्ञास दंडवत. (चौदावा वॉल्ट्झ सोडून तो पुन्हा बाखची एक छोटी रचना वाजवून गेला, असे उपस्थितांनी सांगितले आहे. ती मात्र फितीवर नाही. ध्वनिफितीलाही लेखी व तोंडी साधनांची जोड लागते, ती अशी.)

दुसरे प्रकरण उलट दिशेचे. व्लादिमिर होरोविट्झ बारा वर्षांच्या अज्ञातवासानंतर ९ मे १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवायला बसला. पहिल्याच रचनेत, अगदी आरंभी, त्याचा सूर चुकला. साऱ्या सभागृहाने तो ऐकला. त्या मैफलीची 'ऐतिहासिक पुनरागमन' म्हणून तबकडी निघाली, तेव्हा त्यातील काही जागा मागाहून दुरुस्त केलेल्या होत्या. मूळ, विनासंस्कार ध्वनिमुद्रण बाजारात आले ते २००३ मध्ये. मधली जवळजवळ चार दशके जगभरचे रसिक जे 'प्रत्यक्ष मैफलीचे' म्हणून ऐकत होते, ते पूर्णार्थाने प्रत्यक्ष नव्हते. बखरकाराने धन्याच्या पराभवाचा मजकूर गाळावा, त्यातलाच हा प्रकार. मूळ फीत जपून ठेवलेली होती म्हणून चार दशकांनी का होईना दुरुस्ती झाली. मूळच फेकले असते तर? आपल्याकडे नेमके तेच चालले आहे.

"हे सारे पियानोचे झाले, आमच्या नांदेड-लातुरात पियानो कुठला?" असा प्रश्न येणारच. पियानो नसेल, पण त्याचा गरीब चुलत भाऊ आपल्या प्रत्येक देवळात, प्रत्येक भजनी मंडळात आणि प्रत्येक मैफलीत बसलेला आहे. पेटी. बाजाची पेटी, म्हणजे हार्मोनियम. १८४२ मध्ये पॅरिसला अलेक्झांद्र दबें याने पेटंट घेतलेले हे पायपेटीचे वाद्य. कलकत्त्यात द्वारकानाथ घोषांच्या 'द्वार्किन'ने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला हाताच्या भात्याचे, मांडी घालून वाजवण्याजोगे रूप दिले. पियानोसारख्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, बारा समान भागांत कापलेले सप्तक, आणि मींड काढण्याची असमर्थता. आणि या पेटीच्याच कहाणीत माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा दडलेला आहे.

१ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. लायोनेल फील्डन तेव्हा रेडिओचे प्रमुख होते आणि पाश्चात्त्य संगीत पाहणारे जॉन फोल्ड्स यांनी या वाद्याविरुद्ध लेखणी चालवली होती. रवींद्रनाथांना पेटी नको होती, नेहरूंना ती आवडत नसे. आक्षेप शास्त्रीय होता: समान भागांत कापलेल्या सप्तकात आपल्या श्रुती बसत नाहीत. पुढे १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे मराठी गृहस्थ. त्यांनी चित्रपटगीतांनाही रेडिओबाहेर काढले, मग पेटीला आत कोण घेणार? ही बंदी १९७१ पासून सैल होत गेली, तीही आरंभी संगतीपुरती आणि निवडक कलावंतांसाठी.

श्रुतींचा वाद आपण बाजूला ठेवू. पेटी चांगली की वाईट, हे ठरवणे इतिहासाचे काम नव्हे. इतिहासाचा प्रश्न एवढाच, की १९४० ते १९७१ या एकतीस वर्षांत आपल्याकडचे गाणे प्रत्यक्षात कसे ऐकू येत होते? तुम्ही रेडिओच्या संग्रहाकडे गेलात, तर उत्तर मिळेल: तंबोरा, तबला, सारंगी किंवा व्हायोलिन. पेटी जवळजवळ कुठेच नाही. आणि त्याच वर्षांत महाराष्ट्रातील गावोगावच्या मैफलींत गवयाच्या डाव्या हाताला कोण बसलेले असे? पेटीवाला. जी संगत रोज घडत होती तिचा सरकारी दफ्तरात मागमूस नाही, कारण सरकारने तिला दारातच अडवले.

उद्या एखादा संशोधक केवळ त्या संग्रहाच्या आधारे विसाव्या शतकाच्या मध्याचा मैफलीचा इतिहास लिहील, तर तो साधार असेल, तळटीपांनी सजलेला असेल, आणि खोटा असेल.

मराठवाड्याच्या वाचकाला ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्या राज्याच्या कागदांत मुक्तिसंग्रामातील माणसे कायदा मोडणारे म्हणून नोंदली जातात, आणि आपण ते कागद वाचताना नोंद करणाऱ्याचा हात ओळखून वाचतो. गावातील आठवणी, खासगी पत्रे, शाळामास्तरांच्या वह्या शेजारी ठेवून ताडून पाहतो. हाच विवेक आवाजाच्या बाबतीत कुठे जातो? रेडिओचा संग्रह हे दफ्तर आहे आणि दफ्तराला मालक असतो. त्याची उलटतपासणी करणारे एकच साधन हाती आहे: लोकांनी आपल्या घरी, आपल्या यंत्रावर, आपल्या हौसेने टिपलेली मैफल.

त्यात आपल्या भागाची दुहेरी अडचण आहे. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांचे लक्ष मुंबई-पुण्याकडे, दरबार आणि रेडिओ हैदराबादेत. निजामाच्या राज्यातील हैदराबाद आणि औरंगाबाद ही रेडिओ केंद्रे १९५० मध्ये ऑल इंडिया रेडिओकडे आली, आणि त्यासोबत त्या संस्थेचे विधिनिषेधही आले. नांदेड-लातूरच्या नशिबी दोन्हीकडची सीमा. त्यामुळे महाराष्ट्राच्या संगीताच्या इतिहासात मराठवाड्याचे पान फार पातळ आहे आणि ते पाहून काही शहाणे निष्कर्ष काढतात, की या दुष्काळी मुलखात शास्त्रीय संगीत होतेच कुठे! हा निष्कर्ष मी अनेकदा ऐकला आहे आणि दर वेळी तो सांगणाऱ्याच्या आळसाचे मला आश्चर्य वाटते. पुरावा गोळा केला नाही, म्हणून घटना घडलीच नाही?

नाथराव नेरळकर १९३५ साली नांदेडला जन्मले, अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकले, पुढे औरंगाबादेत त्यांनी पिढ्या घडवल्या आणि २०२१ मध्ये ते गेले. पेटीची संगत हीच ज्यांनी कला करून दाखवली ते आप्पा जळगावकर मूळचे जालन्याचे. १९२२ सालचा जन्म. भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, जसराज अशा थोरांच्या डाव्या हाताला ते बसले आणि २००० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या ऐन उमेदीची वर्षे कोणती, ते मोजा. १९४० ते १९७१! ज्या वर्षांत रेडिओला त्यांचे वाद्य निषिद्ध होते, नेमकी ती. पेटीच्या संगतीची कला त्या तीन दशकांत कशी वाढली, हे दाखवणारा आवाज कोठे सापडायचा? खासगी स्पूलवर आणि नंतर कॅसेटवर. सफाईवाल्याच्या कात्रीखाली जे चालले आहे ते हेच.

कात्री काय कापते ते नीट पाहा. मैफलीच्या फितीच्या आरंभी यजमान बोलतात. बहुधा लांबलचक आणि कंटाळवाणे. पण त्यातच तारीख असते, निमित्त असते, तबलजीचे नाव असते. आपल्याकडे कॅसेटच्या कागदावर फक्त गायकाचे आणि रागाचे नाव लिहायची रीत. संगतकार त्या प्रास्ताविकातच जिवंत असतो. ते कापले, की तो माणूस इतिहासातून गेला.

मग दाद. नांदेड हे विलक्षण शहर आहे. गोदावरीच्या काठी मराठी, उर्दू, दखनी, तेलुगू; आणि हुजूर साहिबमुळे पंजाबीही. तख्त सचखंडात कीर्तन रोज रागांत चालते; कंधारच्या हाजी सय्याह सरवर मखदूमांच्या दर्ग्याची परंपरा निराळी; इकडे लातूर जिल्ह्यात औशाच्या नाथ संस्थानाचे चक्रीभजन, आणि उदगीर ओलांडले की कन्नड कानावर येऊ लागते. अशा मुलखातील श्रोतृवर्गात समेवर 'वाहवा' कोण म्हणतो, 'क्या बात है' कोण म्हणतो, 'सुभानअल्लाह' कोठून येते, मागच्या रांगेतून बायकांचे आवाज येतात की नाही, या गोष्टी कोणत्याही गॅझेटियरात नाहीत. कोण कोणाशेजारी बसून एकच गाणे ऐकत होते, याचा तो थेट पुरावा आहे. दाद म्हणजे गाण्यावर पडलेली धूळ नव्हे.

आणि मागचे आवाज? गिरणीचा भोंगा घ्या. नांदेडची उस्मानशाही गिरणी चालू होती तोवर तिचा भोंगा शहराचे घड्याळ होता. आता तो वाजत नाही. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ पासून या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत येत राहिली. फितीत मागे शिट्टी ऐकू आली, तर ती वाफेच्या इंजिनाची की डिझेलच्या, एवढ्यावरूनही काळाची एक मर्यादा ठरू शकते. नाण्याच्या कडेवरील घासट पाहून त्याच्या चलनाचा अंदाज बांधणारी तुमची नजर इथे कानाला द्यायची, एवढेच.

आता तंत्राचा मुद्दा, कारण सफाईवाले नेहमी तंत्राच्या आडून बोलतात. आजकाल फोनवर एक बटण दाबले की 'नॉइज' जाते. हे बटण काय करते? जो आवाज न बदलता अखंड चालू आहे, त्याला ते गोंगाट समजते आणि दाबते. मैफलीत न बदलता अखंड चालणारा आवाज कोणता असतो? तंबोरा! पंख्याची घरघर काढायला गेलेले यंत्र तंबोऱ्याची जवारी सोलून काढते. पेटीवाल्याने लांबवर धरून ठेवलेला षड्ज पोकळ करते. गवयाने श्वास सोडत विरत नेलेला सूर अर्ध्यावर तोडते. ही यंत्रे बहुतांशी मानवी बोलणे स्वच्छ करण्यासाठी घडवलेली आहेत. त्यांना षड्ज आणि पंखा यांतला फरक शिकवलेलाच नाही.

याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. जुन्या फितींत एक मंद गुणगुण असते, विजेच्या प्रवाहाची. आपल्याकडील वीज सेकंदास पन्नास आवर्तनांची. त्यामुळे ही गुणगुण पन्नासच्या किंवा त्याच्या पटीतील कंपनांवर असते. ऐकायला ती कटकट आहे हे खरे. पण फीत योग्य गतीने वाजते आहे की नाही, हे सांगणारे घड्याळ तीच आहे. समजा, मैफलीच्या रात्री वीज गेली (मराठवाड्यात ही कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत) आणि यंत्र बॅटरीवर चालू लागले. बॅटरी उतरत गेली की फीत मंद गतीने फिरते. अशी फीत आज योग्य गतीच्या यंत्रावर लावली की गाणे द्रुत आणि चढ्या पट्टीत ऐकू येते. गतीत सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडला तर स्वर पुरता अर्ध्या पट्टीने सरकतो. काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये गाताना दिसतो आणि आपण लिहून मोकळे होतो, की बुवांचा आवाज त्या वर्षी फार चढा होता!

ही फसगत कशी पकडायची? विजेची गुणगुण मोजून. आणि ती नसेल तेव्हा पेटीचा सूर मोजून. पेटीची पट्टी गाण्याच्या ओघात बदलत नाही. गवयाचा आवाज चढेल-उतरेल, तंबोरा उतरेल, पण पितळी सूर जागचा हलत नाही. तोच जर फितीत हळूहळू चढत गेला तर दोष यंत्राचा. पियानोच्या जुन्या मुद्रणांतही हेच होते: फितीची गती जराशी डळमळली तरी पियानोचा सूर ती लगेच उघडी पाडतो. रेडिओने ज्या वाद्याला श्रुतिभ्रष्ट म्हणून हाकलले, तेच जुन्या फितींच्या शुद्धीचे माप ठरावे, याची मला मनापासून गंमत वाटते. आणि सफाईवाला सर्वप्रथम काढून टाकतो ती ही गुणगुण.

दुसऱ्या बाजूचे दोन आक्षेप मात्र गंभीर आहेत; ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिला: "अशा खरखरीत फिती आजची मुले ऐकणारच नाहीत, स्वच्छ करून दिल्या तर निदान कानावर पडतील." मान्य. जरूर स्वच्छ करा. पोथीची सुबोध आवृत्ती काढायला कोणाचीच हरकत नसते. हरकत असते ती आवृत्ती निघाल्यावर पोथी चुलीत घालण्याला. एक प्रत अशी ठेवा, जिला कोणीही हात लावलेला नाही: दोन्ही बाजू आरंभापासून अखेरपर्यंत, मधल्या शांततेसकट. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची बाजू पंचेचाळीसाव्या मिनिटाला संपते आणि राग ऐन विलंबितात तुटतो. तो तुटलेला सांधा सुद्धा तसाच ठेवा, ओढूनताणून जोडू नका. जोडलेल्या प्रतीत चार आवर्तने गहाळ आहेत हे ऐकणाऱ्याला कळतच नाही आणि तो रागविस्ताराच्या मांडणीवर प्रबंध लिहून बसतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: कलावंताची संमती. जुन्या बुवांपैकी अनेकांना ध्वनिमुद्रण नको असे. बंदिश चोरीस जाईल ही भीती होती, आणि ती निराधार नव्हती. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत होते, भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत. दोघांची एकही ध्वनिमुद्रिका आपल्याला उपलब्ध नाही. ज्या गायकीने महाराष्ट्र घडवला तिचे मूळ आवाज आपण केवळ आठवणींतून ऐकतो. मग ज्याने नको म्हटले होते त्याची चोरून घेतलेली फीत आज जगापुढे ठेवावी काय? माझे उत्तर: जतन करणे आणि प्रसृत करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आपल्या प्रतिमुद्रा कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताच्या सादरीकरणावर त्याचा हक्क मान्य झालेला आहे. प्रसृत करण्यापूर्वी कुटुंबीयांना विचारा. नको म्हणाले तर थांबा. पण जतन करायला थांबू नका, कारण फीत संमतीची वाट पाहत नाही. नांदेड-लातूरचा मे महिना आणि गोदाकाठची जुलैमधली ओल या दोहोंमध्ये पत्र्याच्या ट्रंकेतल्या फितीचा लेप सुटतो, तिला बुरशी चढते, पदर एकमेकांना चिकटतात. काही वेळा निसर्ग एवढाही अवधी देत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि भोवतालच्या गावांतील दगडमातीची घरे बसली, हजारो माणसे गेली. जिथे घरच उरले नाही तिथे ट्रंकेत काय होते याची यादी कोण करणार?

यावर कोणी म्हणेल, आता चिंता कशाची? 'संगीत शंकर दरबार'सारख्या महोत्सवात आज शेकडो फोन एकदम वर होतात, पुरावाच पुरावा! मला ही समजूत भाबडी वाटते. अर्ध्या मिनिटाच्या शंभर चित्रफिती म्हणजे पाऊण तासाचा एक राग नव्हे. त्या सगळ्या तानेच्या आणि तिहाईच्या असतात. आलाप कोणीच टिपत नाही. पुढील शतकातील संशोधक आपल्या पिढीबद्दल लिहील, की या काळात नांदेडला आलाप गात नसत.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी, आजोळी, शेजारच्या काकांकडे अशा फिती आहेत, त्यांना काही सांगायचे आहे. फीत लगेच वाजवून पाहू नका. चिकटलेली फीत पहिल्या फेरीतच तुटते. आधी डबीचे, कागदाचे, त्यावरील हस्ताक्षराचे फोटो घ्या. कॅसेट यंत्राचे डोके साफ करून घ्या आणि एका फेरीत, शक्य तितक्या उच्च दर्जात, एकसलग मुद्रण करा. कोणतेही शुद्धीकरणाचे बटण दाबू नका. आकाराने मोठी फाइल होईल, होऊ द्या. दोन ठिकाणी प्रती ठेवा. मूळ कॅसेट फेकू नका: उद्या आजच्याहून चांगले यंत्र येईल.

आणि यंत्रापाशी बसण्यापूर्वी, त्या मैफलीला जे हजर होते त्यांच्याकडे जा. ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना फीत ऐकवा आणि शेजारी वही घेऊन बसा. पहिल्या दोन मिनिटांत ते गाण्याबद्दल काहीही बोलणार नाहीत. ते सांगतील, की तो खोकला कोणाचा आहे.